गप्प पडा

आई स्वारगेटला उतरली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि तिच्यामागून कंडक्टर पत्र्याचा डबा घेऊन उतरत होता. साडेपाच तासांत तिनं त्याला काय काय सांगितलं होतं कोण जाणे, पण डबा माझ्या हातात देताना तो म्हणाला, "आडवा करू नका ताई, लोणचं आहे."

"एवढं कशाला आणलंस गं?" हे मी दर वर्षी विचारते.

"कुठं काय आणलंय," हे ती दर वर्षी म्हणते.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं तिकीट दाखवलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ती त्रेसष्टची होती. ज्येष्ठांची सवलत मिळायला अजून दोन वर्षं होती, तेवढ्यात ही मिळाली. पगारवाढ झाल्यासारखी ती खूश झाली होती. आता पासष्टी उलटली तरी प्रत्येक तिकीट जपून आणते आणि वाचलेल्या पैशांतून नातवंडांना काहीतरी घेते. वाचतात त्याहून जास्तच खर्च होतात, पण हा हिशेब तिला कुणी दाखवत नाही.

आमचं गाव तासगावजवळ. मुलूखच वाळवणाचा. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हातात येतो, आणि द्राक्षांच्या दिवसांत रस्त्याकडेच्या शेडांमध्ये जाळ्यांच्या मजल्यामजल्यांवर माल पसरलेला असतो. अशा भागातल्या बाईला उन्हाळा फुकट गेलेला बघवत नाही. आमच्या घरात पाऊल टाकून, पाणी पिऊन, गॅलरीतलं ऊन बघून आईचा पहिला प्रश्न होता, "गच्चीची किल्ली कुणाकडं असते?"

माझी सुट्टीची तयारी मात्र निराळी होती. फ्रिजवर तक्ता लावला होता. सात ते आठ पोहणं, नऊ ते साडेअकरा शिबिर, पाच ते सहा स्केटिंग. शिबिरात मातीकाम शिकवत होते, त्याचे साडेतीन हजार घेतले होते आणि माती आपली आपण आणायची होती. बारा ते पाचच्या रकान्यात मी 'अ‍ॅक्टिव्हिटी' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. सुट्टीचे पहिले पंधरा दिवस ते प्रश्नचिन्ह टॅबलेटनं सोडवलं. मी घरून काम करते, अडीचला रोज कॉल असतो, आणि कॉल चालू असताना धाकटा दाराशी येऊन 'आई, शी झाली' असं ओरडला की पलीकडचे आठ जण एकदम गप्प होतात. तेव्हा टॅबलेटबद्दल मला कुणी काही सांगू नये.

दोन दिवसांनी बंगळुरूहून ताई आली, आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन. तो मराठी छान बोलतो, पण आकडे इंग्रजीत मोजतो आणि भांडतो कन्नडमध्ये. माझ्या नऊ वर्षांच्या थोरलीला हे इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडी 'बेडा, बेडा' सुरू झालं. दूध बेडा, अंघोळ बेडा. दोन खोल्या नि हॉल, माणसं सात, संडास दोन. आमच्या यजमानांची रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर झाली. त्यांनी ती तक्रार न करता स्वीकारली, कारण फ्रिज सोफ्याजवळ आहे आणि आमरसाचं पातेलं फ्रिजमध्ये.

आंब्याची पेटी आईनं वर्तमानपत्र पसरून जमिनीवर मोकळी केली. पेंढ्यातून एकेक फळ काढून नाकाशी न्यायचं, देठापाशी अंगठा जरासा लावायचा आणि तीन ओळींत मांडायचं: आजचे, उद्याचे, परवाचे. मुलं रांगेत बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी एका देखण्या हापूसात साका निघाला. वरून केशरी, आत पांढरा, रबरासारखा. "वरनं कळत नाही, कापल्यावरच कळतं," आई म्हणाली आणि बाजूला ठेवला. थोरलीनं तो शब्द उचलला. त्या दिवसापासून आमच्या घरात भांडणात हरणारा माणूस साका.

ताई आली त्या पहिल्याच दिवशी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला आणि आईनं हॉलचे पडदे ओढले. पेटीच्या खालून वाकळ काढली (गोधडी म्हणा हवं तर, आमच्याकडं वाकळच म्हणतात), फरशीवर पसरली आणि म्हणाली, "चला, गप्प पडा."

तीन मुलं तिच्याकडं बघत राहिली.

"मला झोप नाही येत," भाचा म्हणाला.

"झोप कोण म्हणालंय? पडा म्हटलंय."

"किती मिनिटं?"

हा प्रश्न माझ्या शिकवणुकीचा. आमच्याकडं सगळं मिनिटांवर चालतं. वीस मिनिटं टॅबलेट, दहा मिनिटं अंघोळ, पाच मिनिटं चिडून बसणं.

"चार वाजेपर्यंत."

"आजी, पण हे बोअर आहे."

"असू दे."

मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होते. 'असू दे' हे उत्तर मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. 'बोअर' हा शब्द कानावर आला की मी दूध उतू चालल्यासारखी धावत सुटते. रंग काढते, पझल काढते, काही नाहीच तर स्वतः घोडा होते. आई मात्र वाकळीच्या कडेला लसूण सोलायला बसली आणि 'बोअर' तिच्या शेजारी तसंच पडून राहिलं.

आता यात मुलं लगेच शहाणी झाली असं काही नाही. पहिल्या दुपारी सातदा पाणी प्यायली, चारदा शूला गेली. कुणाचा पाय कुणाच्या हद्दीत यावरून सीमाप्रश्न पेटला, त्याला आमच्या भाच्यामुळं खराखुरा रंग चढला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाय टेकवून कोण जास्त वर जातं ही शर्यत लागली, आणि तिसऱ्या दिवशी थोरलीच्या अंगठ्यात पडदा अडकून दांडीसकट खाली आला. मी कॉलवर होते. धडाम् आवाज, मग सन्नाटा, मग आईचा शांत आवाज, "लागलं का कुणाला? नाही ना. मग पडा." दांडी अजूनही एका बाजूनं सुतळीनं बांधलेली आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी आतून कुजबुज ऐकू यायला लागली. छतावरच्या ओलीचा डाग श्रीलंकेसारखा आहे की बसलेल्या कुत्र्यासारखा. पंख्याला चौथं पातं असतं तर काय झालं असतं. धाकटा मात्र पहिल्या दिवसापासून पाच मिनिटांत झोपत होता. त्याला कुणी कधी आडवं केलंच नव्हतं, म्हणून आम्हाला ते माहीत नव्हतं.

मध्ये कुरडया झाल्या. गहू तीन दिवस भिजत होते. रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी आंबूस वास घरभर पसरला आणि धाकट्यानं जाहीर केलं की ही मी केलेली नाही. ते गहू वाटले, चोळून गाळले, रात्रभर ठेवले. सकाळी वरची निवळ ओतून दिली की खाली खडूसारखं घट्ट, पांढरं सत्त्व बसलेलं असतं. पहाटे साडेपाचला आईनं मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून पाणी उकळायला ठेवलं. मी सत्त्वाची धार धरली, ती लाकडी उलथन्यानं हाटत राहिली. हे हाटणं बघावं. सुरुवातीला हात सहज फिरतो, मग एकदम चीक धरतो आणि पातेलंच हातासोबत फिरायला लागतं. ते पायात धरायला ताई बसली. हात थांबला की गुठळी झालीच. शेवटी चीक पांढऱ्याचा काचेसारखा झाला, त्यावर झाकण पडलं आणि मग वाटीत गरम चीक, वर दूध नि साखर. मुलं दात न घासता जेवल्यासारखी जेवली. चोथ्याच्याही भुसवड्या झाल्या. आमच्याकडं टाकून द्यायला काही उरत नाही.

गच्चीचा प्रश्न वेगळा होता. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर 'गच्चीवर वाळवण घालू नये' असं लिहिलेलं आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं वॉचमनला वाटीभर चीक दिला. किल्ली मिळाली. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करायला आल्या, अशी माझी समजूत झाली, पण त्या आपला सोऱ्या घेऊन आल्या होत्या.

त्याच आठवड्यात शिबिरातून थोरली एक उपयोगाची गोष्ट शिकून आली. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी सावली नाहीशी होते. मग काय, बारालाच वरात गच्चीवर. स्टीलचा पेला, लाटणं, बाटली, धाकट्याचा प्लॅस्टिकचा जिराफ. आई काळी छत्री घेऊन कावळ्यांपासून कुरडया राखत बसलीच होती. लाटण्याची सावली आखडत आखडत बोटभर झाली, नखभर झाली आणि गेली. पांढऱ्या चुन्याच्या गच्चीवर लाटणं नुसतं उभं, चिकटवल्यासारखं. मोठी माणसंही दोन क्षण काही बोलली नाहीत. धाकटा स्वतःभोवती फिरून फिरून आपली सावली शोधत होता. मग त्याला शोध लागला: उडी मारली की दिसते. खाली आलं की पुन्हा पायाखाली जाते. चटके बसत होते तरी तो उड्या मारत राहिला.

हा दिवस सगळीकडे एकदम येत नाही, दक्षिणेकडून वर सरकत येतो. बंगळुरूला एप्रिलच्या चोविसाव्या तारखेच्या आसपासच होऊन गेला होता. आईच्या गावी पाच-सहा दिवस आधी. थोरलीनं बोटांवर मोजून सांगितलं, "म्हणजे आधी ह्याच्याकडं, मग आजीकडं, मग आपल्याकडं!" पाहुणे आले त्याच वाटेनं सूर्य आला होता. आईला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "सावली पायात आली की घरात जावं," एवढंच ती म्हणाली आणि तिघांना खाली पिटाळलं.

चारनंतर पत्ते. पाच-तीन-दोनला तीनच भिडू लागतात: आई, थोरली, भाचा. आठ्ठ्यांपासून वरची पानं आणि बदाम-इस्पिकच्या दोन सत्त्या मिळून तीस पानं, प्रत्येकाला दहा. नातवंडांना मुद्दाम जिंकू देणाऱ्या आज्या असतात म्हणे, आमची त्यातली नाही. भाच्याचा हात कमी पडला की ती पुढच्या डावात हसत हसत त्याच्या हातातून एक्का ओढून घ्यायची. धाकटा कच्चं लिंबू. पण उरलेली बावीस पानं त्याच्याकडं असायची, त्यामुळं आपल्याकडं सर्वांत जास्त आहेत या ऐटीत तो मधोमध बसलेला.

तो गुरुवार होता. पुण्यात वीज दुरुस्तीसाठी जायची ती बहुधा गुरुवारीच. दीडला गेली. राउटर बंद, लॅपटॉपची बॅटरी लाल. मी फोनवरून 'लाइट नाही' असा निरोप टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एमएसईबीचं प्रेम आलं. बाहेर आले. वाकळीवर तीन मुलं, त्यांच्यापलीकडं ताई, मग आई. मी कडेला जागा करून पडले. फरशी गार होती.

आई सांगत होती. त्यांच्या लहानपणी कुरडयांच्या दिवशी पाची बहिणींनी पहाटे उठून पातेल्यातला निम्मा चीक फस्त केला. आजी आल्यावर सगळ्यात मोठी म्हणाली, मांजर प्यायलं. आजी म्हणाली, "कुठलं मांजर?" मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मांजर गेल्या दिवाळीतच मेलं होतं. एवढं सांगून आईला हसू फुटलं. मुलं उठू नयेत म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ताईला नि मला त्या मेलेल्या मांजरापेक्षा तिच्याकडं बघूनच हसू आवरेना.

हे हसणं मी ओळखत होते. सात-आठ वर्षांची असेन. आजोळी, माळवदाच्या घरात, माजघरात आम्ही अकरा पोरं ओळीनं पडलेलो. सारवलेल्या जमिनीचा वास, वर झरोक्यातून पडलेला उन्हाचा एक रुपया. पलीकडं आई आणि मावश्या वाकळ शिवत बसलेल्या. मी डोळे मिटून पडले होते आणि आई अशीच हसली होती, पदर तोंडात घालून. मला वाटलं होतं, कुणीतरी दुसरी बाई आलीय. कारण आमच्या घरी, म्हणजे तिच्या सासरी, ती ओठांनी हसायची. आवाज नसायचा.

"आम्हाला दुपारी जबरदस्तीनं का झोपवायचात गं?" मी विचारलं.

"झोपायचात कुठं? पापण्या हलायच्या की तुमच्या. आम्हाला काय दिसत नव्हतं?"

"मग?"

"तुम्ही पडलात की आम्हाला बसायला मिळायचं." ती अगदी सहज म्हणाली. "सकाळी पाचपासनं उभं. बावीस माणसांचं. चारला परत चहा. मधले दोन तास काय ते. पोरं गप्प पडली की मोठी माणसं पण काही बोलत नाहीत, पोरं उठतील म्हणून."

आजोळच्या दुपारींबद्दल मी आजवर कितीतरी जणांना भरभरून सांगितलं आहे. ती शांतता, तो झरोका, तो वेळच वेळ. ती शांतता कुणीतरी कुणासाठी तरी राखलेली होती, हे कधी डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, ती आमचीच.

आणि मग जे आठवलं ते बरं नव्हतं. गेले बारा दिवस दोन ते चार आई काय करत होती? लसूण सोलला होता. मेथी निवडली होती. गच्चीवर कावळे हाकलले होते. आणि कॉल असताना माझ्या दारावर कुणी येऊन धडकू नये म्हणून दारासमोर पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं पाहुणी म्हणून आलेल्या बाईनं मुलांना गप्प पाडून मिळवलेले दोन तास रोज माझ्या कॉलला गेले होते, आणि मी दार उघडून, 'आई, जरा चहा टाकतेस?' असंही एकदा म्हटलं होतं.

हे मी तिला बोलले नाही. बोलले असते तर म्हणाली असती, कुठं काय केलंय.

"चहा मी टाकते," एवढंच म्हणून उठले. साडेतीनच वाजले होते. "पड गं," ती म्हणाली. "एवढ्या लवकर चहा करायला कुणी मेलंय का?" पुन्हा मांजर आठवलं आणि पुन्हा पदर तोंडात. वीज यायच्या आत तिला खरोखर झोप लागली. तोंड जरा उघडं, हात कपाळावर. थोरलीनं तिच्या अंगावर हळूच ओढणी टाकताना मी पाहिली. म्हणजे ती जागी होती. म्हणजे कदाचित तिन्ही जागी होती.

मेच्या अखेरीला भावजी न्यायला आले आणि ताई-भाचा गेले. निघताना भाचा आणि थोरली बोलत नव्हते, कारण शेवटच्या डावात कुणीतरी पान लपवलं होतं. गाडी वळेपर्यंत दोघंही रडत होते, तरी बोलले नाहीत. आई आणखी चार दिवस राहिली. मृग लागायच्या आत, ७ जूनच्या आधी, तिला घर गाठायचंच होतं. पेरणीला तिचं आता काही काम नसतं, पण मृगाच्या वेळी ती दुसऱ्याच्या घरी राहत नाही. पत्र्याचा डबा रिकामा परत नेऊ नये म्हणून मी त्यात चितळ्यांची बाकरवडी भरली. तिनं एसटीत बसल्यावर झाकण उघडून बघितलं आणि खिडकीतून ओरडली, "एवढं कशाला गं?"

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अडीचचा कॉल लवकर संपला. मी चहा केला, एकटीपुरता. हॉलमध्ये आले तर पडदे ओढलेले होते, तुटक्या दांडीकडचा जरा लोंबत होता, आणि वाकळीवर दोघं पडलेली. आईनं वाकळ मुद्दाम मागं ठेवली होती की विसरली, ते मी विचारलेलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले. पाय पसरले. फोन आत राहिला होता, तो आणायला उठले नाही.

"आई," धाकटा म्हणाला, "मला ना..."

"गप्प पड रे," थोरलीनं त्याला कोपरानं ढोसलं. "आई बसलीय."

तो गप्प पडला. डोळे घट्ट मिटलेले. पापण्या हलत होत्या.